सिग्नलपाशीं बंद पडणारी मोटार



मोटार पळत असते तोंवर तिच्या इंजिनाचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तो सुरू होतो ती उभी राहिल्यावर. तांबडा दिवा लागला, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला, आणि इंजिन एक आचका देऊन गप्प झालें. किंवा उलट, गाडी जागच्या जागीं असूनही तें उगीच घोंघावूं लागलें. किंवा त्याचा आवाज झोपाळ्यासारखा वरखालीं होऊं लागला. या तीनही तक्रारी इंजिनाच्या मंद चालीच्या, म्हणजे ज्याला गॅरेजांत आयडलिंग म्हणतात त्याच्या होत. आणि बहुतेक वेळां त्यांवर उपाय म्हणून जें केलें जातें, त्यानें दुखणें दबतें व दुसरें उभें राहतें.

शहरांत गाडी बंद पडली तर मागच्या गाड्यांचे भोंगे ऐकावे लागतात, इतकेंच. परंतु बोरघाट उतरतांना इंजिन बंद पडलें तर गोष्ट निराळी. ब्रेकच्या बूस्टरला साहाय्य मिळतें तें चालत्या इंजिनाच्या व्हॅक्यूमचें. इंजिन थांबल्यावर सांठलेला व्हॅक्यूम एक-दोन वेळां ब्रेक दाबण्यापुरता पुरतो. पुढें पेडल दगडासारखें होतें. पॉवर स्टिअरिंगही जड होतें. म्हणून चढउतारावर राहणाऱ्यांनीं तरी हा विषय मिस्त्रीवर सोंपवून स्वस्थ बसूं नये.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीं ऑक्टोबर २०२३ पर्यंत चालविलेली प्रीमियर पद्मिनी आपणांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. तिच्या कार्ब्युरेटरवर चालीसाठीं दोन स्क्रू असत. एक थ्रॉटलची झडप किंचित् उघडी धरीत असे, दुसरा पेट्रोल-हवेचें मिश्रण ठरवीत असे. जाणता मिस्त्री इंजिनाला कान लावून दोन्ही स्क्रू पाव पाव फेरा फिरवी आणि पांच मिनिटांत इंजिन घड्याळासारखें चालूं लागे. त्या कलेविषयीं मला आदरच आहे. पुढें प्रदूषणाचे निर्बंध कडक झाले. दिल्लीच्या परिसरांत खाजगी मोटारींना १ एप्रिल २००० पासून भारत स्टेज दोनचे नियम लागले, आणि त्या सुमारास पेट्रोल-इंजेक्शन सर्वत्र रूढ होऊं लागलें. स्क्रूड्रायव्हर धरणारा हात मात्र तोच राहिला. आजही जुन्या इंजेक्शनच्या गाडींत थ्रॉटलच्या बाजूस एक छोटा स्क्रू दिसला कीं तो हात तिकडे वळतो. तेथेंच घोटाळा होतो.

इंजेक्शनच्या गाडींत पाय उचलला म्हणजे थ्रॉटलची गोल झडप जवळजवळ मिटते. मंद चालीस लागणारी हवा तिला वळसा घालून एका आडवाटेनें जाते आणि त्या वाटेवर एक विजेवर चालणारा व्हॉल्व्ह पहारा करतो. इंजिन गार असेल, एअर कंडिशनर लावला असेल, दिवे पेटले असतील, तर संगणक तो व्हॉल्व्ह अधिक उघडतो; गरज सरली कीं मिटतो. तापलेल्या इंजिनाची चाल साधारणपणें मिनिटास ७०० ते ९०० फेऱ्यांच्या दरम्यान राहते, ती या पहारेकऱ्यामुळें. पण पाय उचलला आहे हें संगणकास कळावें कसें? त्यासाठीं झडपेच्या दांड्यावर थ्रॉटल पोझिशन सेन्सर बसविलेला असतो. जुन्या रेडिओच्या आवाजाची कळ आणि हा सेन्सर यांचें तत्त्व एकच: कळ फिरली कीं विजेचा दाब बदलतो. पुष्कळ गाड्यांत झडप मिटलेली असतां हा दाब अर्ध्या व्होल्टच्या आसपास, व पूर्ण उघडली असतां साडेचार व्होल्टच्या आसपास असतो.

आतां तो बाजूचा स्क्रू फिरविला तर काय होईल? झडप थोडी उघडी राहील, चाल वाढेल, गिऱ्हाईक खुष होऊन जाईल. पण त्याबरोबर सेन्सरचा दाबही वाढेल. कांहीं संगणक थोडाफार फरक सांवरून घेतात. न सांवरणारा समजेल कीं चालकाचा पाय अजून ॲक्सिलरेटरवर आहे. मग तो मंद चालीचें नियंत्रण सोडून देईल, आणि उतारावर गिअरमध्यें पाय उचलला असतां पेट्रोल बंद करावयाचें तेंही करणार नाहीं. इंजिनाचा घाटांतला आवर सैल पडेल आणि पेट्रोल विनाकारण जळेल. (जातां जातां सांगतों: पेट्रोल वांचविण्यासाठीं उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची संवय कार्ब्युरेटरच्या काळींही धोक्याची होती. इंजेक्शनच्या गाडींत तर तिच्यांत बचतही नाहीं, कारण न्यूट्रलमध्यें इंजिनास पेट्रोल द्यावेंच लागतें.) तो स्क्रू कारखान्यांत हवेचा प्रवाह मोजून लावलेला असतो आणि सामान्यतः त्यास हात लावावयाचा नसतो.

मग तपासावें काय? आरंभ अगदीं साध्या गोष्टींपासून करावा. ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली नाहीं ना, पायाखालची चटई पेडलला अडत नाहीं ना, हें पाहावें. नंतर हवेच्या रबरी नळ्या. एखादी तडकली असेल तर न मोजलेली हवा आंत शिरते आणि चाल बिघडते. इंजिन चालू असतां फुसफुस ऐकूं येते काय, तें लक्ष देऊन ऐकावें. कोणी यासाठीं सांध्यांवर पेट घेणारा क्लीनर फवारतात. तापलेल्या इंजिनावर तो उद्योग करूं नये. आणि इंजिन चालवून करावयाची कोणतीही तपासणी उघड्या जागींच करावी. शटर ओढलेल्या गॅरेजांत कार्बन मोनॉक्साइड माणसास कळूं न देतां मारतो.

त्यानंतर पाळी मळीची. माझ्या मतें निम्म्याहून अधिक तक्रारींचें मूळ येथेंच निघतें. इंजिनाच्या पोटांतली तेलकट वाफ पुन्हां आंत ओढली जाते. तिची काळी साय झडपेच्या कडेवर आणि त्या आडवाटेंत बसते. इंजिन बंद करून हवेची नळी काढावी, थ्रॉटल क्लीनर फडक्यावर घेऊन कडा पुसाव्या. खरवडूं नये, कांहीं झडपांच्या कडेस मुद्दाम दिलेला लेप असतो. व्हॉल्व्ह ठीक आहे कीं नाहीं याची परीक्षा उपकरणावांचूनही होते. गार इंजिन सुरू केल्यावर चाल आधीं चढून, तें तापेल तशी हळूहळू उतरली, आणि एअर कंडिशनर लावतांच क्षणभर दबून पुन्हां सांवरली, तर व्हॉल्व्ह आपलें काम करीत आहे. एअर कंडिशनर लावतांच इंजिन मान टाकीत असेल तर व्हॉल्व्ह अडकला असण्याचा संभव मोठा.

एवढें झाल्यावर मल्टीमीटर हातीं घ्यावा. इग्निशन चालू, इंजिन बंद. मीटरची एक तार जमिनीस, दुसरी सेन्सरच्या संदेशाच्या तारेस लावून झडप अगदीं सावकाश उघडावी. आंकडा जिना चढावा तसा नव्हे, तर घाटरस्त्यासारखा अखंड चढला पाहिजे. मध्येंच तो कोसळला किंवा थबकला, तर आंतली पट्टी झिजली आहे. ती झिजते बहुधा झडप मिटण्याच्या आरंभींच, कारण गाडीचें आयुष्य जातें तें तेथेंच. असा सेन्सर बदलण्यांत खर्च वायां जात नाहीं. आंकडा अखंड चढत असूनही केवळ आरंभाचा दाब चुकीचा असेल, आणि सेन्सरच्या स्क्रूंचीं भोंकें लांबट असतील, तर स्क्रू सैल करून सेन्सर केंसभर फिरवावा व गाडीच्या पुस्तकांतील आंकडा जुळवून घट्ट करावा. भोंकें गोल असतील तर तेथें जुळविण्यासारखें कांहीं नाहीं असें समजावें.

अलीकडच्या गाड्यांत केबलच नसते. पेडलचा संदेश तारेनें जातो आणि झडप मोटर उघडते; मंद चालही तीच सांभाळते. तेथें दोन सेन्सर एकमेकांवर पहारा ठेवतात, व त्यांची साक्ष जुळली नाहीं तर संगणक गाडीची शक्तीच आंखडून घेतो. अशा झडपेंत इग्निशन चालू असतां बोट घालूं नये. ती मिटली तर बोट चेंगरतें. ती साफ केल्यावर प्रथम चाल वाढलेली दिसते, कारण संगणकानें मळीचा हिशेब लक्षांत ठेवलेला असतो. घाबरून सेन्सर विकत आणूं नये. पुस्तकांत दिलेल्या रीतीनें, कांहीं गाड्यांत स्कॅनर लावून, त्यास नवा हिशेब शिकवावा. कित्येक गाड्या तर थोडा वेळ उभ्या जागीं आणि नंतर दोन-चार दिवस रस्त्यावर चालविल्या म्हणजे तो आपणहूनच शिकतात.