दुसरा रिमोट

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवकाकांचा फोन आला, "लहानपणच्या आठवणींवर दहा मिनिटं बोल." मी विचारलं, नेमकं कशावर? ते म्हणाले, "तुम्ही पोरं दिवसभर काय करायचात, त्यावर." काका, खरं सांगायचं तर आम्ही टीव्ही बघायचो आणि टीव्हीवर गेम खेळायचो. तेव्हा आज त्यावरच बोलते.

मी इथे राहायला आले तेव्हा सात वर्षांची होते. आता माहेरपणाला येते, तर माझी मुलगी सात वर्षांची आहे.

लोट्यात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको, की आपल्याकडे घड्याळ भिंतीवर नसतं, कंपनीच्या पाळीवर असतं. कुणाचे बाबा फर्स्टला, कुणाचे सेकंडला, कुणाचे नाइटला. त्यामुळे दिवसाच्या कुठल्याही वेळी प्रत्येक मजल्यावर कुणीतरी झोपलेलं असायचं. "हळू, बाबा झोपलेत" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा शाळेत प्रार्थनासुद्धा म्हटली नसेल. आमच्या घरी टीव्ही लावायची परवानगी होती, त्याच्या आवाजाला नव्हती.

२००३ साली कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉन सुरू झालं. आमच्या आधीच्या पिढीला १९८९चं दूरदर्शनवरचं 'इंद्रधनुष' आठवत असेल. त्यातल्या मुलांकडे चक्क स्वतःचा कॉम्प्युटर होता. आमच्या वाट्याला अ‍ॅश आणि पिकाचू आले, आणि तेही मुके! शाळेतून येऊन आम्ही सातआठ जण आमच्या हॉलमध्ये फरशीवर बसायचो. चित्र चालू, आवाज बंद.

मग संवाद कोण म्हणणार? तर वॉचमनकाकांचा मुलगा. त्याच्याकडे टीव्ही नव्हता. तो आमच्या दाराच्या जाळीबाहेर उभा राहून बघायचा. आईने एक दिवस त्याला आत बोलावलं, आणि त्याने कुजबुजत सगळ्या पात्रांचे आवाज काढायला सुरुवात केली. टीम रॉकेटचं ते मांजर आपल्या टाकीचं पाणी सोडणाऱ्या काकांसारखं बोलायचं. "वरच्या मजल्याला पाणी चढत नाही, मी काय करू?" हसू दाबून दाबून आमची पोटं दुखायची. पुढे बऱ्याच वर्षांनी मी तेच भाग आवाजासकट पाहिले. खरं सांगते, आमचे संवाद जास्त चांगले होते.

चिप्सच्या पुडीतून निघणाऱ्या पोकेमॉनच्या गोल चकत्या आम्ही जिन्यात बसून अदलाबदल करायचो. पण पोकेमॉन हा मुळात व्हिडिओ गेम आहे, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आधी गेम आला, फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानात, गेम बॉय नावाच्या हातात मावणाऱ्या यंत्रावर. मालिका त्यानंतर, एप्रिल १९९७ मध्ये. गेम बनवणारे सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोच्या उपनगरात किडे गोळा करत फिरायचे. जपानी मालिकेत अ‍ॅशचं नाव सातोशीच आहे. हे वाचलं तेव्हा मला आपल्या मागच्या आवाराची भिंत आठवली. पावसाळ्यात तिथल्या झुडपांवर सोनकिडे मिळायचे. आम्ही ते काडेपेटीत पाला घालून ठेवायचो आणि हिरवा देऊन निळा घ्यायचो. ताजिरींच्या आणि आमच्या उद्योगात फरक एवढाच, की त्यांनी त्याचा गेम केला आणि आम्ही आईचा मार खाल्ला.

त्या गेमची एक गंमत आहे. तो सुरुवातीला लाल आणि हिरव्या अशा दोन आवृत्त्यांत निघाला. काही पोकेमॉन फक्त लाल आवृत्तीत मिळायचे, काही फक्त हिरव्या. सगळे हवे असतील तर दोन यंत्रं वायरने जोडून समोरच्याशी अदलाबदल करावी लागायची. एकट्याने तो संग्रह पुरा होणारच नाही, अशीच त्याची रचना होती.

आता वायरीचा विषय निघालाच आहे, तर मला एक कबुली द्यायची आहे.

त्या दिवाळीत मुंबईच्या मामाने मला आणि दादाला टीव्हीला जोडायचा गेम आणला. नक्कल माल. कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं, आणि आत फिरून फिरून तेच वीसएक गेम. मारिओ, काँट्रा, बदकं मारायची बंदूक. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, अ‍ॅडॉप्टर तापला की दहा मिनिटं बंद ठेवायचं, आणि शेवटच्या लेव्हलला पोचलो की हमखास लाइट जायची. भारनियमनाचे दिवस होते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

रिमोट दोनच, आणि खेळणारे आठ. नंबर लागायचे. वॉचमनकाकांच्या मुलाचा नंबर आला, की मी आणि दादा एक लबाडी करायचो. दुसऱ्या रिमोटची वायर हळूच मागून काढून ठेवायचो आणि तो त्याच्या हातात द्यायचो. स्क्रीनवर खेळ दादाचा चालायचा. हा मन लावून बटणं दाबायचा, आणि आम्ही म्हणायचो, "वा, काय उडी मारलीस!" असं आम्ही जवळजवळ एक वर्ष केलं. संवाद त्याने म्हणायचे, खेळायचं आम्ही.

पुढे ते लोक इथून गेले. आम्हीही शिकायला बाहेर पडलो.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं तो दिवस इथल्या प्रत्येकाच्या लक्षात आहे. मी तेव्हा घरून काम करत असल्यामुळे इथेच होते. पाणी ओसरल्यावर आपल्या सोसायटीतून टेम्पो गेला, त्यात मीही गेले. मावशीच्या घरात गुडघाभर चिखल होता. तिथे गमबूट घातलेली तीनचार मुलं जनरेटर आणि पंप घेऊन आली. त्यातल्या एकाने पंपाची वायर माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ताई, ही धर. आणि घाबरू नको, ही जोडलेली आहे."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तोच होता. आता आपल्याच एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन आहे.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

म्हणाला, "पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "बोललो असतो, तर आत बसायला मिळालं असतं का?"

एवढं बोलून तो पंप सुरू करायला गेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळेच मला जास्त लागलं. त्या दिवशी चिखल उपसताना मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सोड ग. संवाद तर माझेच होते ना?"

अ‍ॅश नोव्हेंबर २०२२ मध्ये जगज्जेता झाला आणि मार्च २०२३ मध्ये जपानात त्याची गोष्ट संपली. पंचवीस वर्षांत तो दहा वर्षांचाच राहिला. आम्ही तिशी ओलांडली. जुन्या मालिका आठवल्या की आपण म्हणतो, काय ते दिवस होते! माझ्यासाठी होतेच. पण त्याच हॉलमध्ये, त्याच फरशीवर बसलेल्या एका मुलासाठी ते दिवस थोडे वेगळे होते. आठवणी काढायच्या तर त्याही काढायला हव्यात, म्हणून हे आज सगळ्यांसमोर सांगितलं. तो आज इथे आला आहे. "नाव घेतलंस तर उठून जाईन" असा दम दिलाय, म्हणून नाव घेत नाही.

शेवटी कमिटीला एक विनंती. नवीन क्लब हाउसमध्ये मोठा टीव्ही लागला, फार छान झालं. पण दारावरच्या पाटीवर लिहिलंय, 'फक्त सभासदांच्या मुलांसाठी'. मी माहेरवाशीण, मला मत नाही. बाबांना आहे, आणि येत्या सर्वसाधारण सभेत ते ही ओळ काढायचा विषय मांडणार आहेत. आताच्या वॉचमनदादांना दोन मुली आहेत. कामाला येणाऱ्या मावशींची नातवंडं येतात. सामान फुटेल, गोंगाट होईल, या शंका मला मान्य आहेत. वेळ ठरवा, नियम करा, नाइटवाल्यांसाठी आवाज बंद ठेवा. आवाजाशिवाय कसं बघायचं ते शिकवायला आम्ही येऊ.

दादाने माळ्यावरून तो जुना गेम काढला आहे. जेवणानंतर क्लब हाउसमध्ये लावणार आहोत. पहिला नंबर कुणाचा ते ठरलेलं आहे. दोन्ही रिमोटच्या वायरी जोडलेल्या आहेत, मी स्वतः तपासल्या आहेत.