नवतपा, कूलर आणि आमचा बोका

आम्ही पारशिवनी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. आज आम्ही पाण्याबद्दल आणि मांजराबद्दल बोलणार आहोत. या दोघांचा संबंध काय, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही तो ठाऊक नव्हता. गेल्या मे महिन्यात गटाचा बोका टोपलीत घालून नागपूरला न्यावा लागला, तेव्हा कळला.

आमच्या गटाच्या खोलीत तूरडाळीची आणि गव्हाची पोती असतात. काळ्या बोका आला तेव्हापासून एकही पोतं उंदरांनी फोडलं नाही. नवतपा लागला आणि हा बोका सारखा राखेच्या ढिगावर जाऊन बसू लागला. बसायचा, कुंथायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. आम्हाला वाटलं, पोट साफ होत नसेल. वाटीभर दूध ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खाणं सोडलं. पोटाला हात लावला की ओरडायचा.

त्याच्या आधीच्या वर्षी शेजारचा एक बोका असाच ओरडत गेला होता. तेव्हा आम्ही म्हणालो, नजर लागली. या वेळी आमच्यातली एक जण म्हणाली, "गाय बसली तर रात्री बारालाही डॉक्टरांना फोन करतो, कारण ती दूध देते. हा आपली पोती राखतो, त्याचा हिशेब कोणी केला?" गावात लोक हसले. माणसालाच दवाखाना वेळेवर मिळत नाही, आणि या बाया मांजर घेऊन निघाल्या! पण आम्ही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन केला. डॉक्टर म्हणाले, लघवी तुंबली आहे, नळी घालावी लागेल, आजच नागपूरला न्या.

नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1958 सालापासूनचं. तिथे गाई-बैलांप्रमाणे कुत्र्या-मांजरांनाही तपासतात. काळ्याला गुंगी दिली, बारीक नळी घालून लघवी काढली, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत थांबला असतात तर हा वाचला नसता. लघवी अडली की तिचं विष अंगात भिनतं आणि दीड-दोन दिवसांत जीव जातो. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते, म्हणून हा त्रास भाटीपेक्षा बोक्याला जास्त होतो.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या डोक्यातून गेली नाही. घरातल्या मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या, वाळवंटी मुलखातले. शिकारीच्या मांसात असेल तेवढ्या पाण्यावर ते भागवायचे. म्हणून मांजराला तहान कमीच लागते आणि लघवी घट्ट होते. आपण त्याला कोरडी भाकर आणि सुकी मासळी घालतो, वर 45 अंशांचं ऊन. लघवीत खर धरते आणि नळी बंद होते. गाय हंबरून पाणी मागते. मांजर मागत नाही.

काळ्याला एक दिवस ठेवून घेतलं. आम्ही एका नातेवाइकांकडे मुक्काम केला. सकाळी गल्लीत पाहिलं तर एका गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, कोणी बंद करेना. घरोघरी कूलर, त्यातल्या दोघा-तिघांखाली पाण्याची धार. एक भाऊ पाइप लावून रस्ता धूत होते. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. नागपूरच्या नळाचं बरंचसं पाणी पेंचचं, आणि ते नवेगाव खैरीच्या धरणातून, म्हणजे आमच्याच तालुक्यातून जातं. ज्या वाटेने आम्ही बोका घेऊन आलो, जवळपास त्याच वाटेने ते पाणी आलं होतं. आणि आमच्या गावात त्याच आठवड्यात बायका हातपंपावर गुंड घेऊन रांगेत उभ्या होत्या.

शहराला याचा चटका बसलेला आहे. 2019 च्या जुलैमध्ये पाऊस लांबला, तोतलाडोह तळाला गेलं आणि नागपूरला एक दिवसाआड पाणी सोडायची पाळी आली. खरं तर नागपूर काही वाळवंट नाही. इथे वर्षाला 1000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. राजस्थानात जैसलमेरला त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही धड पडत नाही, म्हणून तिथल्या जुन्या घरांनी पावसाचं पाणी टाक्यात साठवायची रीत लावून घेतली. अमेरिकेत लास वेगास हे वाळवंटातलं शहर. तिथे 2021 मध्ये कायदाच झाला, की नुसत्या शोभेच्या गवताला पाणी घालायचं नाही. चांगलं नागपूरातही घडतं. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीजकेंद्राला देतात, तेवढं धरणाचं पाणी वाचतं.

पण शहराला नावं ठेवून घरी आलो आणि आपल्याच अंगणात पाहिलं. सार्वजनिक नळाला तोटी नव्हती. गटाच्या कूलरच्या तळाशी गळती होती. आम्ही खाली बादली ठेवली, तर रात्रीत ती भरली. नळ सेकंदाला एक थेंब गळला, तरी दिवसाला वीसेक लिटर पाणी जातं. म्हणजे आमच्याही हिशेबात भोक होतंच.

मग गटाच्या बैठकीत काही गोष्टी ठरवल्या. त्या तुम्हालाही सांगतो.

कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा काढायचंच, नाहीतर डास होतात. ते गटारात न सोडता गोठा धुवायला घ्यायचं. टाकीचा बॉल आणि नळाची तोटी उन्हाळ्याआधी तपासायची. पाणी शुद्ध करायचं यंत्र एक लिटर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, ते भांडी घासायला धरायचं.

मांजरासाठी पसरट मातीचं भांडं सावलीत ठेवायचं, जेवणाच्या ताटलीपासून दूर. पाणी दिवसातून दोनदा बदलायचं. भाकर कोरडी न देता मासळीच्या किंवा मटणाच्या बिनमिठाच्या पाण्यात कुस्करायची. त्यात कांदा-लसूण नको, मांजराला बाधतो. दूध म्हणजे पाणी नव्हे, पुष्कळ मांजरांना त्याने हगवण लागते.

बोका सारखा लघवीला बसतो आणि होत नाही, लघवीत रक्त दिसतं, असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जनावरांसाठीचा 1962 हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. घरातली तापाची गोळी, पॅरासिटामॉल, मांजराला कधीही देऊ नका, ते त्याला विष आहे. नेताना झाकणाच्या टोपलीत रोजचं फडकं अंथरा. रेबीजची लसही त्याच फेरीत विचारा. मांजर चावलं किंवा बोचकारलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि लगेच आरोग्य केंद्रात जा.

काळ्या आता बरा आहे, पोत्यांवर झोपतो. त्याचं पाण्याचं भांडं भरायची पाळी आम्ही वहीत लावली आहे, हप्त्याच्या पाळीसारखीच. ज्याला मागता येतं त्याला पाणी मिळतं. जो मागत नाही त्याच्यासाठी आपणच लक्ष ठेवायचं, आणि ते पाणी शिल्लक राहावं म्हणून गळणारा थेंबही अडवायचा.