जकात गेली, गोदामे राहिली



व्यवसायाची व्यूहरचना शिकवताना वर्गात बहुधा जपानी मोटारी आणि अमेरिकी संगणक येतात. भिवंडीच्या पदवीधरांनी इतके लांब जायचे कारण नाही. मानकोली, दापोडे, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गावांतल्या गोदामांनी परीक्षेचा उत्तम प्रश्न तयारच ठेवला आहे.

ही गोदामे इथेच का आली? मोठे कारण होते मुंबईची जकात. मुलुंडचा नाका ओलांडला की मालावर जकात लागे. नाक्याच्या अलीकडे ग्रामपंचायतीच्या हद्दीत माल उतरवून ठेवला, तर शहरात जाईल तेवढ्यावरच ती भरायची. जोडीला आग्रा रोड, न्हावाशेवा बंदर आणि शहराच्या मानाने स्वस्त जमीन. 

मग १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. मूळ कारणच गेले म्हटल्यावर गोदामे ओस पडायला हवी होती. झाले उलटे.

पूर्वी परराज्यात थेट विक्री केली की केंद्रीय विक्रीकर लागे. तिथल्या आपल्याच डेपोत माल हलवला तर लागत नसे. म्हणून कंपन्या राज्याराज्यांत छोटे डेपो सांभाळत. जीएसटीने ती गरज संपवली. थोडी पण मोठी गोदामे, तीही ग्राहकांजवळ, हे गणित परवडू लागले, आणि मुंबईच्या दाराशी भिवंडी होतीच. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट यांनी इथे पसारा मांडला. मात्र हे भाग्य सरसकट सगळ्यांचे नव्हे. मोठ्या भाडेकरूंना उंच छत, कंटेनर वळेल एवढे आवार आणि आग विझवायची सोय लागते; ठेंगण्या पत्र्याच्या गाळ्यांत हे सारे कुठून असणार?

भिवंडीच्या दुसऱ्या धंद्याचे, यंत्रमागाचे, दुखणे निराळे. भिवंडीतले कितीतरी मागवाले जॉब वर्क करतात. सूत व्यापाऱ्याचे, विणलेले ग्रे (प्रक्रिया न केलेले) कापडही त्याचेच. मागवाल्याला मिळते ती पिकामागे, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यामागे, मजुरी. एप्रिल १९९९ पासून वस्त्रोद्योगाच्या आधुनिकीकरणासाठीच्या केंद्राच्या ‘टफ’ योजनेत यंत्रसामग्रीच्या कर्जावर ५ टक्के व्याजसवलत मिळू लागली. साध्या मागापेक्षा कितीतरी वेगवान रॅपियर माग घेणे त्यामुळे सोपे झाले. पण सूत दुसऱ्याचे असेल तर वेग वाढूनही मजुरीचा दर ठरवणारा व्यापारीच राहतो. मंदीत सूत यायचे थांबते, माग थांबतो. कर्जाचा हप्ता थांबत नाही. यंत्र बदलले, धंदा तोच राहिला.

अशा एखाद्या कारखान्याचा ताळेबंद आज पदवी घेणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी हाती येईल. नव्या मागाचे कोटेशन मागवण्याआधी त्याने दोन आकडे काढावेत: एकाच व्यापाऱ्याकडून येणारे काम किती टक्के, आणि वर्षभरात स्वतःच्या सुताचे तागे किती विकले.