लेखनिक शोधायचा कुणी?



 दिव्यांग विद्यार्थ्यांचा विषय निघाला की माझ्यासारख्या सभाध्यक्षानं कळकळीनं बोलावं, अशी रीत आहे. कळकळ या सभागृहात भरपूर आहे. मी लेखनिकाबद्दल, म्हणजे विद्यार्थ्यानं सांगितलेलं परीक्षेत लिहून देणाऱ्याबद्दल बोलणार आहे.

कायद्याची उणीव नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये इथे डोंबिवलीत 90वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा दिव्यांग हक्क कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळून जेमतेम सव्वा महिना झाला होता. एप्रिलात तो लागू झाला. अपंगत्वाचे 7 प्रकार होते, त्यांचे 21 झाले. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत 5 टक्के जागा राखीव झाल्या. परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा, हे केंद्र सरकारच्या 2018च्या सूचनांत आहे.

त्याच सूचनांत अट होती की विद्यार्थ्यानं स्वतःचा लेखनिक आणला तर तो शिक्षणात एक पायरी खालचा हवा. हेतू रास्त आहे. पण तृतीय वर्षाच्या अंध मुलीनं द्वितीय वर्षातलं कुणी गाठायचं, तर ऐन हंगामात त्यालाही परीक्षा असते. मग आई सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारते आणि अकरावीतला एखादा भला पोरगा हो म्हणतो. कॉस्टिंगच्या पेपरात त्याला ‘ओव्हरहेड्स’चं स्पेलिंग सांगण्यातच तिची जादा मिनिटं संपतात. सवलत दिल्याची नोंद मात्र आपल्या महाविद्यालयांच्या फाइलीत होते.

परीक्षा घेणाऱ्यांनी लेखनिकांची पॅनेलं करावीत, परीक्षेआधी 2 दिवस विद्यार्थ्याची त्यांच्याशी गाठ घालून द्यावी, हेही त्याच कागदात आहे. आपण ते वाचत नाही, कारण ते काम आपल्या टेबलावर येतं.

दुसरी अडचण दाखल्याची. दाखल्यावर 40 टक्के अपंगत्व नसेल तर लेखनिक नाही, असं सांगून मुलाला खिडकीवरून परत पाठवणारे आपल्यातच आहेत. विकास कुमार या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, हात लिहीत नव्हता. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या खटल्यात स्पष्ट केलं की लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही. हा निकाल आपल्या परीक्षा विभागाच्या फळ्यावर लावायला काय हरकत आहे?

आणि वेळापत्रक! दुपारी अडीचचा, अडीच तासांचा पेपर. जादा 50 मिनिटं धरली की मुलगा सहाला दहा मिनिटं असताना सुटतो. त्या वेळी ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीच्या दिव्यांग डब्यात कोण कोण उभं असतं, हे सांगायला अध्यक्ष कशाला हवा? अशा विद्यार्थ्यांचे पेपर सकाळच्या सत्रात ठेवायला खर्च शून्य आहे.

तेव्हा दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या परीक्षा महाविद्यालयं आपापल्या तारखांना घेतात. कल्याणची मुलं मोकळी असतात तेव्हा ठाण्यात पेपर चालू असू शकतात. म्हणून ठाणे ते कल्याण सगळ्यांची मिळून लेखनिकांची एकच यादी करू. प्रत्येक महाविद्यालयानं विषयवार नावं द्यायची, लेखनिकाचं रेल्वेभाडं आणि मानधन परीक्षा निधीतून द्यायचं. सूचक मी आहे. अनुमोदनासाठी परीक्षा विभागातलंच कुणी उठलं तर बरं.