माडीवरचे सुकाणू



इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउथॅम्प्टनपासून थोड्याच अंतरावर समुद्रास मिळणाऱ्या हॅम्बल नदीच्या मुखाशी नौकांची इतकी दाटी असते की पाण्याचा रंग कोणता हे पाहावयास वाकावे लागते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या एका स्नेह्याने तेथे विक्रीस निघालेली एक जुनी मोटार-यॉट घेण्याचा विचार केला, आणि खरेदीची ऐपत नसलेला परंतु मत देण्यास सदैव तत्पर असा साक्षीदार म्हणून मीही बरोबर गेलो.

नौका २० मीटर लांबीची, १७ वर्षे एकाच मालकाच्या हाताखालची आणि 'फ्लायब्रिज' जातीची होती. म्हणजे तिच्या दिवाणखान्याच्या छपरावर एक उघडी माडी होती, आणि त्या माडीवर बैठका, मेज व शेगडी यांच्या जोडीला दुसरे एक संपूर्ण सुकाणू होते. खाली काचेआड एक सुकाणू असताना वर दुसरे कशाला, असे मी विचारले, तेव्हा दलाल गृहस्थ 'वरून लांबचे दिसते' एवढेच म्हणाले आणि आम्हांस खाली घेऊन गेले.

खालची सुखे मात्र त्यांनी सावकाश दाखविली. मालकाचे शयनगृह नौकेच्या ऐन मध्यावर, कारण झोके तेथे सर्वांत कमी. पाहुण्यांची खोली पुढे नाळेकडे, जेथे ते सर्वांत अधिक, यावरून यजमानाच्या आतिथ्याविषयी ज्याने त्याने अनुमान करावे. स्वयंपाकघरातील प्रत्येक खणास एक कळ, ती दाबल्यावाचून खण उघडत नाही. मेजाच्या कडेला पेला घसरू नये म्हणून बोटभर उंच काठ. खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र ते पाणी हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट जोराने पडद्यातून रेटते. विजेचे जनित्र घरघर कानी पडू नये म्हणून वेगळ्या पेटीत कोंडलेले. आणि जमिनीच्या फळ्यांखाली, मागाहून बसविलेल्या एका बंद गोलात, हवा काढून टाकलेल्या पोकळीत एक जड चाक मिनिटास हजारो फेरे घेत असते, ज्याच्या योगाने नांगरलेली नौका लाटांवर फारशी डुलत नाही. हा सारा खटाटोप कशासाठी, तर समुद्रावर राहूनही समुद्र अंगाला जाणवू नये यासाठी! भाऊच्या धक्क्यापासून रेवसपर्यंत ज्याने एकदा लाँचीच्या कठड्याला धरून प्रवास केला आहे, त्याला या खटाटोपाची किंमत मी सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला, आणि नौकेचे दुसरे दप्तर उघडले. रुंद पट्ट्यांच्या पाळण्यात उचलून तिला कोरड्या जागी घेतले, आणि तो इसम लहानशी हातोडी घेऊन, वैद्याने छाती ठोकून पाहावी तसे तिच्या तळावर ठोके देत तासभर फिरला. काचतंतूंच्या या अंगात पाणी मुरले की फोड धरतात, आणि मग आवाज खणखणीत न येता बद्द येतो. पंख्यांजवळचे जस्ताचे ठोकळे निम्मे झिजलेले पाहून तो उलट प्रसन्न झाला. खारे पाणी आधी जस्ताला खाते, म्हणूनच पंख्यांची धातू वाचते. डेकवरील सागवानाशी मात्र तो थबकला. वर्षानुवर्षे ब्रशाने घासून लाकूड खचले होते, आणि फळ्यांच्या सांध्यांत भरलेल्या काळ्या रबराच्या रेघा म्हाताऱ्या हातावरील शिरांसारख्या वर आल्या होत्या. अनवाणी चालताना त्या तळव्याला टोचत. सागवान म्हटल्याबरोबर माझा देशाभिमान जागा झाला, आणि मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानाची बांधलेली १८१७ सालची 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडातच हार्टलपूल येथे अद्यापि तरंगते आहे, हे मी त्यास ऐकविले. 'तिचे सागवान वीतभर जाड असेल, हे बोटभरही नाही,' एवढे बोलून तो पुन्हा वाकला.

कागदपत्रांत मला एकच गोष्ट गमतीची वाटली. ब्रिटिश नोंदवहीत जहाजाची मालकी पूर्वापार ६४ हिश्श्यांत मांडली जाते. सोळा आण्यांच्या रुपयाचे ६४ पैसे ज्यांनी मोजले आहेत, त्यांना खरेदीखतावरील तो आकडा ओळखीचा वाटेल. खर्चाचा तपशील येथे वाचून दाखवीत नाही; या आकाराच्या नौकेची दोन डिझेल इंजिने ताशी २५ सागरी मैलांच्या वेगास मिळून तासाला ३०० लिटरच्या आसपास तेल पितात, यावरून बाकीचा हिशेब श्रोत्यांनी करावा.

निघण्यापूर्वी मी खालच्या सुकाणूपाशी क्षणभर उभा राहिलो. चाकावरचे कातडे कोरे करकरीत होते, शिवणीचा दोरासुद्धा पांढरा. मग वर माडीवर गेलो. तेथील चाकाचे कातडे दोन्ही हातांच्या जागी झिजून आतले पोलाद दिसत होते, आणि उन्हापावसाने विटलेल्या खुर्चीला मध्यभागी खोल खळगा पडला होता. खाली एवढी ऊबदार बैठक असताना तो मालक १७ वर्षे इंग्लंडच्या वाऱ्यात येथेच बसला होता. माझा स्नेही त्या खळग्यात बसला, त्याने कोटाची कॉलर वर केली, आणि दलालास शेवटचा आकडा विचारला.