मागचा दिवा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मला बोलावतात ते कवी म्हणून. कवितेवर बोला, गझलेवर बोला, मुसलमान असून मराठीत कसे लिहिता यावर बोला. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात संपतं. घरात उर्दूमिश्रित हिंदी होती, शाळेत पुस्तकातली मराठी होती आणि अब्बांच्या दुकानात झाडीबोली होती, आणि माझा सगळा दिवस दुकानात जायचा. आज त्या दुकानाबद्दलच बोलतो. खरं म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या दिव्याबद्दल.

मूलला अब्बांचं ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाची शेड, दोन बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या आणि बाहेर मोहाच्या सावलीत उभे ट्रॅक्टर. धानाचा हंगाम संपला की आमचा सुरू व्हायचा. कारण आपल्या झाडीपट्टीत, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांत, दिवाळीनंतर मंडई, शंकरपट आणि नाटकं सुरू होतात. दिवसा बैलजोड्यांचा पट, रात्री दहा-अकराला नाटकाचा पडदा उघडणार आणि पहाटे पडणार. नाटक पाहायला माणसं ट्रॉलीत, पटाची जोडीही दूरच्या गावाहून आली असेल तर ट्रॉलीत. परदेशात शर्यतीचे घोडे न्यायला गाडीमागे जोडायचे खास डबे असतात म्हणे. आपल्याकडे तणस अंथरलेली ट्रॉली. पण वायरिंगची रड दोन्हीकडे सारखीच असणार, कारण जनावर आत उभं असतं, ते लाथ मारतं, मुततं, अंग घासतं, आणि बिचारी वायर तिथूनच गेलेली असते.

अब्बा म्हणायचे, ट्रॅक्टरचा बिघाड एकदाच येतो, ट्रॉलीचा दर आठवड्याला. ट्रॉली उन्हापावसात उघडी पडते. तणसात उंदीर होतात, ते वायरीवरचं प्लास्टिक कुरतडतात. जोडायच्या सॉकेटमध्ये पाणी जाऊन पितळी पिनांवर हिरवा थर चढतो. फ्यूज उडाला की ड्रायव्हर त्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबतो. दिवा लागतो खरा, पण पुढे वायर शॉर्ट झाली तर ती चांदी तुटत नाही, वायर तापते, आणि खाली असतं तणस. हे सांगून सांगून अब्बा थकले.

पण सगळ्यांत लबाड बिघाड अर्थिंगचा. मोटारगाडीत दिव्याकडे एकच वायर जाते, परतीचा रस्ता गाडीच्या लोखंडातून असतो. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यात मात्र लोखंड जुळतं ते हुकाच्या एका खिळीवर, आणि ती खिळी ग्रीस लावलेली, गंजलेली, रस्ताभर नाचणारी. तिच्या भरवशावर दिवे ठेवू नयेत. म्हणून परतीची वेगळी वायर सॉकेटमधून आणावी लागते. ती ढिली झाली की दिवा पूर्ण विझत नाही, वेड्यासारखं वागतो. इंडिकेटर दिला तर मागचा लाल दिवा मिचकावतो. ब्रेक दाबला तर उजळायच्या ऐवजी मंद होतो. त्याचं कारण सोपं आहे. मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, रात्रीच्या उजेडाची पाच वॅटची आणि ब्रेकची एकवीस वॅटची. पाच वॅटला अर्धा अँपियरही लागत नाही, एकवीसला पावणेदोन लागतात. गंजका जोड थोडं जाऊ देतो, जास्त मागितलं की अडतो.

आता १९९२ सालच्या जानेवारीची गोष्ट सांगतो. मी बी.ए.ला होतो. अब्बा नागपूरला सामान आणायला गेले होते आणि दुकानात मी एकटा. दिवस मावळताना एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत पटाहून परतलेली जोडी, शिंगांना गुलाल. मालक खुशीत होता. "बाबू, मांगचा लाइट पाय गा जरासा, मिचमिच करते." मी पाहिलं. ब्रेक दाबायला लावला, दिवा मंद झाला. अर्थिंग, हे मला तेव्हाच कळलं. ते मला कळलं होतं, हे मी आजही स्वतःपासून लपवू शकत नाही.

नीट करायचं तर अर्धा-पाऊण तास लागला असता. त्या रात्री जवळच्या गावात नाटक होतं आणि मित्र सायकल घेऊन उभा होता. मी वायरीचं टोक सोललं, फाळक्याच्या बिजागरीचा एक बोल्ट ढिला केला, त्याखाली वायर गुंडाळली आणि बोल्ट आवळला. दिवा लख्ख पेटला. ब्रेकचाही पेटला. पाच रुपये घेतले आणि नाटकाला गेलो.

राजोलीच्या पुढे, सिंदेवाहीच्या वाटेवर, जंगलात रानडुकरं आडवी आली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. मागून लुनावर एक माणूस येत होता, तोही कुठलं तरी नाटक पाहायलाच निघालेला. त्याला समोर दिवा दिसलाच नाही, ट्रॉली दिसली ती फाळका छातीशी आल्यावर. तो वाचला, पण उजवा पाय दोन जागी मोडला आणि पुढे आखूड झाला. बैलांना काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर पुन्हा दुकानात आला. अब्बा परतले होते. मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. माझ्या हातात टेस्ट लॅम्प दिला, म्हणजे होल्डरला दोन लांब वायरी जोडलेला एकवीस वॅटचा बल्ब, आणि म्हणाले, "शोध."

मी म्हटलं, कुठे आहे ते मला माहीत आहे. "माहीत आहे ते सोड. शुरूसे शोध."

मग सुरुवातीपासून शोधलं. आधी ट्रॅक्टरच्या सॉकेटवर बल्ब लावला, झगझगीत. म्हणजे ट्रॅक्टर निर्दोष. मग ट्रॉली जोडून मागच्या होल्डरवर गेलो. बल्बची एक वायर होल्डरच्या येणाऱ्या टोकाला, दुसरी ट्रॉलीच्या अंगाला. बल्ब नुसता लालसर. मग तीच दुसरी वायर लांबवून ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या मायनसला लावली. पुन्हा झगझगीत. म्हणजे येणारी वाट ठीक, परतीची बंद. मीटर लावला तर बारा व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो, कारण मीटर काही ओढतच नाही. ओढ लागली की जोड उघडा पडतो. म्हणून अब्बांचा बल्ब मोठा.

शेवटी माझा बोल्ट. उघडला. खाली रंगाचा थर, त्यावर शेण, त्यावर माझी वायर. आवळताना बोल्टानं रंग थोडा खरवडला होता, तेवढ्यावर दिवा पेटला होता. खड्ड्यांनी आणि फाळक्याला टेकणाऱ्या बैलानं उरलेलं काम केलं.

दुरुस्ती मीच केली. सॉकेटपासून दोन्ही दिव्यांपर्यंत स्वतंत्र अर्थिंगची वायर, टोकाला डाग देऊन बसवलेलं थिंबल, खालचं लोखंड पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासलेलं, दातेरी वॉशर, वरून ग्रीस. वायर बैलांच्या पायांपासून दूर, चेसिसखाली पाइपातून. दोन तास लागले. अब्बांनी पैसे घेतले नाहीत. मालकानं कारण विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

लुनावाल्याला मात्र सांगितलं, पण सहा वर्षांनी. तो दुकानात बॅटरी घेऊन आला होता. ऐकून बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी बी जोरातच होतो जी." मला ते उत्तर नको होतं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली आणि आमच्याकडचे पट थांबले. डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. पट पुन्हा भरू लागले. जोड्या आता पुष्कळदा पिकअपमध्ये येतात, दिवेही एलईडीचे आले. एलईडी थोड्याच विजेवर पेटतो, त्यामुळे वाईट जोडही बरेच दिवस चांगला वाटतो. पण ट्रॉल्या संपलेल्या नाहीत. मागे दोन लाल रिफ्लेक्टर हवेत, असं १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. त्यांना ना वायर लागते ना अर्थिंग. आमच्या ट्रॉल्यांवर ते असले तरी शेणाखाली असतात.

गेल्या हिवाळ्यात एका मंडईत मला कवी म्हणून सत्काराला बोलावलं होतं. नारळ आणि शाल घेऊन बाहेर आलो, तर मंडपामागे ट्रॉल्या उभ्या. एका तरुण ड्रायव्हरला म्हटलं, लाइट लाव आणि ब्रेक दाब, मी मागे उभा राहतो. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. तरी त्यानं दाबला. डावा उजळला. उजवा मंद झाला.

शाल ट्रॉलीच्या कडेवर ठेवली आणि त्याला म्हटलं, तेरा नंबरचा पाना आण.