शोधनिबंध वाचायचे पैसे कोणी भरायचे?



सेंट पीटर्सबर्गच्या ग्रिगोरी पेरेलमन या गणितज्ञानं ११ नोव्हेंबर २००२ रोजी ३९ पानांचा एक निबंध ‘आर्काइव्ह’ नावाच्या संकेतस्थळावर ठेवला. जवळजवळ शंभर वर्षं कोणाला न सुटलेल्या प्वांकारेच्या कोड्याच्या उत्तराची ती सुरुवात होती. पुढच्या वर्षी आणखी दोन निबंध आले. एकही त्यानं कुठल्या नियतकालिकात छापला नाही. जगभरच्या गणितज्ञांनी ते उतरवून घेतले, वर्षानुवर्षं ओळ न् ओळ तपासली आणि २००६ साली त्याला फील्ड्स पदक जाहीर झालं. ते त्यानं नाकारलं. पुढे दहा लाख डॉलरचं बक्षीसही नाकारलं. निबंध आजही तिथेच आहे. तुम्ही-आम्ही कोणीही तो फुकट उघडावा. कळेल की नाही, ते वेगळं!

छापण्याआधी आणि तज्ज्ञांनी तपासण्याआधी लेखकानं खुला केलेला असा निबंध म्हणजे प्रीप्रिंट. ‘आर्काइव्ह’ सुरू केलं पॉल गिन्सपार्ग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं, १९९१ साली. निबंध सुधारला की नव्या प्रतीवर नवा आकडा आणि तारीख पडते, पण जुनी प्रत जात नाही. काल काय म्हणाला होतात, हे कोणालाही पाहता येतं.

आता नियतकालिकांचा व्यवहार पाहा. संशोधकाचा पगार बहुधा सरकारी. निबंध तो फुकट लिहितो, दुसरे संशोधक फुकट तपासतात, हक्क जातात प्रकाशकाकडे. आणि तोच निबंध वाचायला विद्यापीठाचं ग्रंथालय वर्गणी भरतं. यावर उतारा म्हणून ओपन ॲक्सेस आलं, म्हणजे वाचकाला फुकट. पण बड्या प्रकाशकांनी बिल लेखकापुढे सरकवलं. ‘नेचर’ या नियतकालिकानं २०२१ पासून एका निबंधाचे ९,५०० युरो मागितले, तेव्हाच्या दरानं आठ लाख रुपयांहून जास्त. आपल्याकडच्या किती प्राध्यापकांना हे परवडेल?

दुसरी वाट आहे, आणि ती आपल्या मुंबईतच आहे. केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघतं. इंटरनेटवर आल्यावर अनेक वर्षं त्यानं ना वाचकाकडून पैसे घेतले, ना लेखकाकडून. छापील अंकाच्या वर्गणीवर भागवलं.

केंद्र सरकारनं मात्र एकत्रित वर्गणीचा मार्ग धरला. त्याची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना २०२५ मध्ये सुरू झाली. तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० च्या आसपास सरकारी संस्था. छोट्या सरकारी कॉलेजातल्या विद्यार्थ्याला याचा फायदा होणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हे भाड्याचं घर आहे. भाडं थांबलं की सामान बाहेर. आणि खेड्यात दवाखाना चालवणारा डॉक्टर, पत्रकार, निवृत्त शिक्षक यांना त्यात जागाच नाही.

‘तपासणीशिवाय खुलं केलं तर गोंधळ होईल,’ असं प्रीप्रिंटबद्दल म्हणतात. होतो. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीच्या काही संशोधकांनी नव्या कोरोना विषाणूचं एचआयव्हीशी साम्य दाखवणारा प्रीप्रिंट ‘बायोआर्काइव्ह’ या जीवशास्त्राच्या साठ्यावर टाकला. एकच ओरड झाली. शास्त्रज्ञांनी चुका उघड दाखवल्या आणि दोन दिवसांत लेखकांनी तो मागे घेतला. आता दुसरी बाजू. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा वेकफील्ड नावाच्या डॉक्टरांचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं १९९८ मध्ये रीतसर छापला. केवळ १२ मुलांवरचं काम! तो रद्द व्हायला २०१० उजाडलं. चूक दोन्हीकडे होते. उघड्यावर ती लवकर सापडते, असं माझं मत आहे. औषधोपचाराचं मात्र वेगळं. प्रीप्रिंट वाचून कोणी गोळी बदलू नये.

तेव्हा ‘संशोधकांचा दावा’ अशी बातमी ऐकलीत, तर तो निबंध तपासून छापलेला आहे की प्रीप्रिंट, एवढं जरूर पाहा. संशोधक मित्रहो, प्रकाशकाचे नियम आड येत नसतील तर आपली प्रत खुली ठेवा. आणि एखादा निबंध कुलपात असेल, तर आधी त्याचं शीर्षक प्रीप्रिंटच्या साठ्यात शोधा. तिथेही नसला तर लेखकालाच ई-मेल करा. पत्ता बहुतेक वेळा सारांशाच्या पानावर असतो, आणि मागितलेली प्रत लेखक सहसा आनंदानं पाठवतात.